अपस्मारावरील गोळ्या आणि हाडे : वाचकांचे प्रश्न

अपस्मारावरील औषधे किती वर्षे घ्यावी लागतात, याविषयी गेल्या अंकात लिहिताना ‘ही औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांनी हाडांकडेही लक्ष द्यावे’ असे एक वाक्य ओघात येऊन गेले होते. लेखातील इतर कोणत्याही मुद्द्यापेक्षा या एका वाक्याविषयी अधिक पत्रे आली, आणि बहुतेकांत ‘हे आम्हाला आजवर कोणी सांगितले नाही’ असा सूर होता. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या आईचे वय ५३ आहे. वयाच्या पंचविशीत तिला फिट येऊ लागल्या आणि तेव्हापासून ती रोज रात्री एप्टॉइनच्या १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या घेते. गेल्या अकरा वर्षांत एकही फिट आलेली नाही. दिवाळीच्या आधी अंगणात सडा टाकताना पाय घसरून ती हातावर पडली आणि मनगट मोडले. प्लॅस्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी ‘पाळी गेल्यावर हाडे ठिसूळ व्हायचीच’ असे सांगितले. पण वर्षभरापासून तिची कंबर आणि मांड्या दुखतात, जमिनीवर बसली की हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही आणि एसटीची पायरी चढणे जड जाते. हे गोळ्यांमुळे झाले असेल का? तसे असेल तर गोळ्या बंद कराव्यात का? (एक मुलगी, सातारा जिल्हा)

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई झाली तर नुकसान मोठे आहे. गोळ्या बंद करू नका, एका रात्रीपुरत्याही नाहीत. एप्टॉइन हे फेनिटॉइन या औषधाचे बाजारातील नाव. वर्षानुवर्षे चालू असलेले फेनिटॉइन एकाएकी थांबवले तर फिट परत येऊ शकतात, शिवाय एकामागून एक न थांबणाऱ्या फिटचा जीवघेणा झटका येऊ शकतो. आणि हाडांची काळजी म्हणून गोळी सोडलेल्या माणसाचे हाड पहिल्याच फिटमध्ये पडून मोडावे, असेही घडते.

आता पहिला प्रश्न. होय, गोळ्यांचा यात वाटा असण्याची दाट शक्यता आहे, मात्र सगळा दोष त्यांच्यावर टाकता येणार नाही. फेनिटॉइन १९३८ पासून आणि फेनोबार्बिटोन, म्हणजे अनेक घरांत ज्याला गार्डिनल म्हणून ओळखतात ते, १९१२ पासून अपस्मारासाठी वापरात आहे. ही दोन्ही औषधे, तसेच कार्बामाझेपिन आणि प्रिमिडोन, यकृतातील काही विकरांचा (एन्झाइमांचा) वेग वाढवतात. जी विकरे औषधांची विल्हेवाट लावतात त्यांतलीच काही ड जीवनसत्त्वाचीही विल्हेवाट लावतात. त्यामुळे उन्हातून आणि आहारातून मिळालेले ड जीवनसत्त्व नेहमीपेक्षा लवकर निकामी होते, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, रक्तातील कॅल्शियम घसरू नये म्हणून गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी अधिक काम करू लागतात आणि हाडांतील साठा काढून रक्तात आणतात. रक्ताचा कॅल्शियमचा अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि सगळे निर्धास्त राहतात, पण तो नॉर्मल ठेवण्याची किंमत हाडे मोजत असतात. फेनिटॉइन याखेरीज आतड्यातील कॅल्शियमच्या शोषणावर आणि हाड बांधणाऱ्या पेशींवर थेटही परिणाम करते.

हे ज्ञान नवे नाही. अपस्माराची औषधे घेणाऱ्या मुलांत मुडदूस आढळल्याची नोंद जर्मनीत १९६८ साली झाली. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, प्रिमिडोन आणि व्हॅल्प्रोएट दीर्घकाळ घेणाऱ्यांपैकी ज्यांना धोका अधिक आहे, त्यांना ड जीवनसत्त्व देण्याचा विचार करावा, अशी सूचना ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २००९ साली डॉक्टरांना दिली. आपल्याकडे मात्र फिटचा डॉक्टर फिट मोजतो, हाडांचा डॉक्टर हाड बसवतो आणि दोघांचे कागद वेगवेगळ्या पिशव्यांत राहतात. तुमच्या आईच्या बाबतीत नेमके हेच झालेले दिसते. प्लॅस्टर घालताना ‘रोज कोणती औषधे चालू आहेत’ एवढे विचारले गेले असते, तर पुढचा विचार आपोआप झाला असता.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट मनगटाची नाही, जमिनीवरून उठता न येण्याची आहे. नुसत्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडांची घनता कमी होण्यात, हाड मोडेपर्यंत सहसा काही दुखत नाही. मांड्या आणि कंबर खोलवर ठणकणे, उकिडवे बसल्यावर उठता न येणे, जिने आणि बसच्या पायऱ्या जड वाटणे, चालताना किंचित डोलणे, ही लक्षणे ऑस्टिओमलेशियाची असू शकतात. त्यात हाडाचा सांगाडा असतो, पण ड जीवनसत्त्वाच्या अभावी त्यात क्षार नीट भरत नाहीत, आणि मांड्यांचे स्नायूही दुबळे होतात. असा त्रास असलेल्या बायका वर्षानुवर्षे ‘वाताचा त्रास’ म्हणून तेल चोळत राहतात आणि वेदनाशामक गोळ्या घेत राहतात. ओळखले गेले तर हा आजार औषधांनी चांगला सुधारतो, आणि काही महिन्यांत आई हात न टेकता उठू लागण्याची आशा बाळगायला हरकत नाही.

तपासण्या फार नाहीत. रक्तातील ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिअ‍ॅटिनिन आणि शक्य असेल तर पॅराथायरॉइड हार्मोन एवढे करून घ्यावे. ड जीवनसत्त्व दर मिलिलिटर रक्तात २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर तो अभाव समजला जातो. अल्कलाइन फॉस्फेटेजचा आकडा वाढलेला दिसला की ‘लिव्हरला सूज आहे’ असे सांगून टॉनिक दिले जाते, पण हे द्रव्य हाडांतूनही येते. फेनिटॉइन घेणाऱ्या व्यक्तीत हा आकडा वाढलेला आणि फॉस्फरस कमी असेल, तर आधी हाडांचा विचार करावा. आईच्या जुन्या अहवालांत हा आकडा शोधून पाहा. कदाचित तो पाच वर्षांपूर्वीही वाढलेला सापडेल.

डेक्सा स्कॅन कधी ना कधी करावाच, कारण पाळी गेलेली स्त्री, जुने औषध आणि घसरून मोडलेले मनगट हे तिन्ही येथे एकत्र आले आहेत. यात कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची घनता मोजतात आणि टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुणांच्या हाडांशी केलेल्या तुलनेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असला तर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. परंतु ऑस्टिओमलेशियातही हा आकडा खाली जातो आणि यंत्राला दोहोंतला फरक कळत नाही. म्हणून रक्ताचे अहवाल आधी, स्कॅनचा अर्थ नंतर. मोफत शिबिरांत टाचेला यंत्र लावून जो आकडा कागदावर छापून देतात तो डेक्सा नव्हे, आणि त्यावरून औषध सुरू करू नये.

उपचारात प्रथम ड जीवनसत्त्वाचा साठा भरून काढतात. आपल्याकडे यासाठी ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे देण्याची पद्धत आहे. एरवी अशा कोर्सनंतर माणसे विसरून जातात आणि चालूनही जाते, पण फेनिटॉइन चालू असताना ते चालत नाही, कारण ज्या कारणाने साठा संपला ते कारण रोज रात्री पोटात जातच असते. अशी औषधे घेणाऱ्यांना ड जीवनसत्त्वाची गरज इतरांच्या दुप्पट ते तिप्पट असते, असे अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. आईला नंतरही ठरावीक मात्रा चालू ठेवावी लागेल आणि ती रक्ताचा अहवाल पाहून ठरवावी लागेल.

कॅल्शियमविषयी दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. गोळीच्या पाकिटावर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ असे छापलेले असेल, तर त्यातून शरीराला मिळणारे कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते. ते जेवणाबरोबर घ्यावे, आणि एका वेळी त्याहून फार जास्त घेण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे : कॅल्शियममुळे फेनिटॉइनचे शोषण कमी होऊ शकते. आई रात्री झोपताना फेनिटॉइन घेते, म्हणून कॅल्शियमची गोळी सकाळच्या नाश्त्याबरोबर किंवा दुपारच्या जेवणाबरोबर द्या. दोन्ही गोळ्या एकाच डबीत ठेवून एकाच घोटाबरोबर देणे सोयीचे वाटते, पण त्यात अकरा वर्षांचा फिटवरचा ताबा पणाला लागतो.

आहारातून जेवढे मिळेल तेवढे चांगलेच. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणजे दोन भाकऱ्या आणि दोन पेले दूध किंवा दही-ताक मिळून बरीच मजल गाठता येते. तीळ आहेत, राजगिऱ्याची भाजी आहे, आणि खात असाल तर काट्यांसकट खाल्ली जाणारी मांदेलीसारखी बारीक मासळी आहे. ऊन मात्र अंगावर थेट पडायला हवे. काचेच्या तावदानामागे बसून ऊब मिळते, ड जीवनसत्त्व मिळत नाही, आणि कोवळ्या सकाळपेक्षा अकरानंतरचे ऊन या कामी उपयोगी पडते.

राहिला औषध बदलण्याचा प्रश्न. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरॅसिटॅम यांसारखी औषधे यकृतातील ही विकरे फेनिटॉइनसारखी चेतवत नाहीत, त्यामुळे मेंदूविकारतज्ज्ञांशी याविषयी बोलणे रास्त आहे. मी स्वतः अशा रुग्णांत बदलाच्या बाजूने झुकतो, परंतु निर्णय सोपा नाही : अकरा वर्षे शांत असलेल्या मेंदूला नवे औषध मानवेलच असे नाही, आणि बदल करताना नवे औषध पूर्ण मात्रेत आणून मग जुने हळूहळू उतरवावे लागते. एक गोष्ट त्यांना जरूर विचारा. आई घसरली ती ओल्या अंगणामुळे, की अलीकडे तिचा तोल जातो? रक्तातील फेनिटॉइनची पातळी वाढली की चालताना झोकांड्या जातात, आणि या औषधाची मात्रा थोडी वाढवली तरी पातळी एकदम उसळू शकते. तसे असेल तर औषधाची पातळी तपासून घेणे हे पहिले काम आहे.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून लेव्हेटिरॅसिटॅम घेतो. नियमित जिमला जातो. माझीही हाडे कमकुवत होत असतील का? डेक्सा करून घेऊ का? (पुणे)

उत्तर : सध्या गरज नाही. या औषधाचा हाडांवर मोठा दुष्परिणाम होतो, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसलेले नाही, आणि तुमचे वय व व्यायाम दोन्ही तुमच्या बाजूचे आहेत. तरुण वयात केलेल्या डेक्साचा अर्थही टी-स्कोअरने लावत नाहीत, समवयस्कांशी तुलना करणारा झेड-स्कोअर पाहतात. तेव्हा इंटरनेटवर आकडे जुळवत बसण्याची वेळ येऊ देऊ नका. ड जीवनसत्त्व मात्र एकदा तपासा. दिवसभर कार्यालयात बसणाऱ्यांत ते कमी असणे ही आपल्याकडे औषधाविनाही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. फिट पूर्ण आटोक्यात येईपर्यंत जिममध्ये डोक्यावर वजन उचलण्याचे व्यायाम एकट्याने करू नयेत, एवढी सूचना हाडांपेक्षा डोक्यासाठी.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. जन्मावेळी मेंदूला इजा झाल्याने तो चालत नाही, बसायलाही आधार लागतो. फिटसाठी गार्डिनल आणि व्हॅल्प्रोएट दोन्ही चालू आहेत. मागच्या महिन्यात कपडे बदलताना तो जोरात रडला आणि मांडी सुजली, एक्स-रेमध्ये हाड मोडलेले निघाले. मी काही जोर लावला नव्हता. घरचे मलाच बोलतात. (अहिल्यानगर)

उत्तर : ताई, कपडे बदलताना निरोगी मुलाच्या मांडीचे हाड मोडत नाही. ते आधीच फार अशक्त झालेले होते, आणि ही गोष्ट घरच्यांना हे उत्तर वाचून दाखवून सांगा. तुमच्या मुलाच्या बाबतीत कारणे एकावर एक साचली आहेत : हाड बळकट व्हायला त्यावर शरीराचा भार पडावा लागतो, तो पडत नाही. घराबाहेर उन्हात जाणे होत नसावे. गार्डिनल ड जीवनसत्त्व संपवते. आणि व्हॅल्प्रोएट यकृतातील विकरांचा वेग वाढवत नसले तरी हाडांच्या दृष्टीने निरुपद्रवी नाही.

व्हॅल्प्रोएटबाबत एक दुर्मिळ पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. अंथरुणाला खिळलेल्या, विशेषतः नळीने अन्न घेणाऱ्या काही मुलांत या औषधामुळे मूत्रपिंडातून फॉस्फरस आणि इतर क्षार वाहून जातात आणि हाडे मऊ पडतात. म्हणून केवळ कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून थांबू नका. फॉस्फरस, बायकार्बोनेट आणि लघवीतील साखर व प्रथिने यांचीही तपासणी बालरोगतज्ज्ञांकडून करून घ्या. त्यात दोष सापडला तर औषध बदलल्यावर बहुधा सुधारणा होते. औषधाची पुडी स्वतः कमी करू नका, गार्डिनल उतरवण्यास तर आठवडे किंवा महिने लागतात.

प्लॅस्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्टना विचारून त्याला आधाराच्या चौकटीत रोज थोडा वेळ उभे करण्याची सोय करता येईल का, ते पाहा. कपडे चढवताना पाय ओढून घालण्यापेक्षा एक हात मांडीखाली आणि एक पोटरीखाली ठेवून संपूर्ण पाय एकत्र उचलावा, आणि पुढून उघडणारे किंवा सैल नाडीचे कपडे शिवून घ्यावेत.

प्रश्न : वय ४१. कार्बामाझेपिन आणि टोपिरामेट घेतो. हाडांविषयी वाचल्यापासून मेडिकलमधून ड जीवनसत्त्वाची पुडी आणून दर रविवारी घेतो, दोन वर्षे झाली. शिवाय कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून दोन. काही धोका नाही ना? (नाशिक)

उत्तर : धोका आहे की नाही, हे रक्ताच्या अहवालाशिवाय मला सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही ते दोन वर्षे सांगता आलेले नाही. आठवड्याला ६०,००० युनिट म्हणजे रोजचे साडेआठ हजारांच्या घरात जाते. कार्बामाझेपिनमुळे तुमची गरज इतरांहून अधिक आहे, त्यामुळे तुमची पातळी ठीक निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण हे जीवनसत्त्व चरबीत साठते आणि जास्त झाले तर रक्तातील कॅल्शियम चढते : भूक मंदावते, मळमळते, शौचास कडक होते, तहान आणि लघवी वाढते. पुढची पुडी घेण्याआधी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि क्रिअ‍ॅटिनिन तपासून घ्या.

तुमच्या बाबतीत खरी मेख टोपिरामेटची आहे. या औषधाने रक्तातील आम्लाचे संतुलन बिघडू शकते, ते हाडांनाही मानवत नाही आणि मूत्रपिंडात खडे होण्याची शक्यता वाढते. वरून कॅल्शियमच्या गोळ्यांची भर पडली तर ती शक्यता आणखी वाढू शकते. आहारात दूध, नाचणी पुरेशी असेल तर दोन गोळ्यांची गरज उरत नाही. पाणी भरपूर प्या, आणि कुशीत कळ आली किंवा लघवी लालसर झाली तर सोनोग्राफी करून घ्या.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचे वय ७१. तीस वर्षे कार्बामाझेपिन घेतात. वर्षातून एखादी मोठी फिट येते. अलीकडच्या फिटनंतर त्यांची पाठ इतकी दुखते की कुशीवर वळवत नाही. ते पडले नव्हते, पलंगावरच होते. आम्ही तिघांनी हातपाय घट्ट धरून ठेवले होते. (रत्नागिरी)

उत्तर : पाठीचा, छातीच्या आणि कंबरेच्या मणक्यांचा, बाजूने काढलेला एक्स-रे याच आठवड्यात करून घ्या. मोठ्या फिटमध्ये पाठीचे सगळे स्नायू एकाच वेळी इतक्या जोराने आवळतात की मणका दबून मोडू शकतो, त्यासाठी पडावे लागत नाही. खांदाही पाहून घ्या. फिटमध्ये तो मागच्या बाजूला निखळतो, आणि साध्या एक्स-रेत हे निसटून जाते. हात बाहेरच्या बाजूला फिरवता येत नसेल तर डॉक्टरांना तसे मुद्दाम सांगा.

पुढच्या वेळी हातपाय धरू नका. तुमचा हेतू चांगला आहे, पण आकुंचन पावणारा स्नायू एकीकडे आणि घट्ट धरणारी माणसे दुसरीकडे, यांच्यामध्ये अशक्त हाड सापडते. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ कापड घाला, झटके ओसरले की कुशीवर वळवा. तोंडात चमचा नको, नाकाशी कांदा किंवा चप्पलही नको. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली तर थेट रुग्णालयात न्या.

मणका दबलेला निघाला तर त्यांना ऑस्टिओपोरोसिसचे औषध लागेल, आणि येथे क्रम महत्त्वाचा आहे. ड जीवनसत्त्वाचा अभाव भरून काढण्याआधी ही औषधे, विशेषतः शिरेतून देण्याचे झोलेड्रोनेट, दिली तर रक्तातील कॅल्शियम एकदम उतरू शकते, आणि कॅल्शियम उतरले की त्यामुळेच फिट येतात. तोंडाने घेण्याची अलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी असेल, तर ती उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन पुढे अर्धा तास ताठ बसावे लागते, आडवे झाल्यास अन्ननलिकेला जखम होते. ज्यांना फिट येतात त्यांच्या बाबतीत ही अट पाळली जाईलच असे नसते, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. सोडियमचीही तपासणी करून घ्या, कारण कार्बामाझेपिनने वृद्धांत ते उतरते, मग तोल जातो आणि फिटही वाढतात. एक्स-रेची फिल्म आणि हे सगळे अहवाल एकाच फाइलमध्ये लावून ती हाडांच्या आणि मेंदूच्या अशा दोन्ही डॉक्टरांना दाखवा.